माटवीच्या खुंट्या

माझं ड्रिल बारा व्होल्टचं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही बाई पापड लाटेल नाहीतर भजनाला जाईल. मी नवऱ्याला घेऊन मालवणच्या बाजारात गेले आणि दुकानातली बॅटरीवरची सगळी ड्रिल एकेक करून हातात धरून बघितली. दुकानदार बोलत होता नवऱ्याशी. नवरा बिचारा छताच्या पंख्याकडे बघत होता, कारण त्याला खिळा ठोकायलाही मी लागते. अठरा व्होल्टचं मशीन दुकानदाराने फार वाखाणलं, पण त्याचा खटका दाबला की लाकडाच्या आधी माझं मनगट फिरायचं. बारावालं हलकं होतं, मुठीत नीट बसत होतं आणि खटका हळू दाबला तर हळूच फिरत होतं. तेच घेतलं. आमच्या तारकर्लीला पावसात वीज दिवसातून चार वेळा जाते, त्यामुळे बॅटरीचं सुख काय असतं ते मला कुणी शिकवायला नको.

पूर्वी जिथे गवत ठेवायचे त्या परसातल्या मांगरात मी माझं दुकान थाटलं. पहिलं स्टूल डुगडुगलं. दुसरंही डुगडुगलं, पण कमी. तिसऱ्यावर सासूबाईंच्या वयाच्या शेजारीणबाई बसल्या आणि उठायचं नाव घेईनात, तेव्हा मी समजले की जमलं. मग बरण्यांची मांडणी झाली, शेजारच्या होम-स्टेला टॉवेलच्या खुंट्या झाल्या, पक्ष्यांसाठी घर केलं त्यात खारीने संसार मांडला.

पण ही सगळी किरकोळ कामं. खरी परीक्षा माटवीची.

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर छताला एक लाकडी चौकट टांगतात, ती माटवी. तिला आंब्याच्या डहाळ्यांचे टाळे, काकडीसारखी तवशी, रानातली लाल कवंडळं, सुपारीचे घड आणि शेजारपाजाऱ्यांचे धरून चाळीसेक नारळ बांधतात. एवढं ओझं बरोबर मूर्तीवर लोंबत असतं. आमची जुनी माटवी सासऱ्यांच्या वेळची होती. ती वाळवीने पोखरली हे फाल्गुनात लक्षात आलं. वाडीतले सुतारकाका म्हणाले, आता हात थरथरतात, माझ्याने होणार नाही. मी म्हटलं, मी करते.

नवऱ्याने मुंबईला मोठ्या भावाला फोन लावला. हे माझे थोरले भावोजी. घरच्या गणपतीची पूजा त्यांच्या हातची. माणूस वाईट नाही, पण चहा, जेवण आणि बरी आहेस ना, याच्या पलीकडे तीस वर्षांत ते माझ्याशी थेट बोललेले नाहीत. मी शेजारी बसलेली असले तरी निरोप नवऱ्यामार्फत. फोन स्पीकरवर होता आणि ते त्यांना माहीत होतं.

"तिका सांग, स्टुलां करूक हरकत नाय. पण ही गणपतीच्या टकलेर टांगूची आसा. आपण लोखंडी पाईपाची करून घेवया, जल्माची कटकट गेली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्गात चाळीस पोरं गप्प बसवणारी बाई मी, आणि मला निरोप? मी नवऱ्याला म्हटलं, त्यांना सांगा, लाकडाचीच होणार आणि मीच करणार. नवऱ्याने ते भावाला सांगितलं. दोघांनाही माझा आवाज ऐकू गेलाच होता.

परसातल्या पडलेल्या फणसाच्या पट्ट्या कापून आणल्या. मे महिन्यात भावोजी आंबे खायला आले ते स्वतःचं ड्रिल घेऊनच. अठरा व्होल्टचं, लाल पेटीतलं. स्क्रूने लाकूड चिरू नये म्हणून मी माझ्या ड्रिलने आधी बारीक भोकं पाडायच्या विचारात होते. "एवढा करूची गरजच नाय," असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं आणि दहा मिनिटांत घर्रकन सगळे स्क्रू आत घातले. सगळ्यांनी वाहवा केली. खोटं कशाला बोलू, मीही केली. चौकट दिसत होतीच तशी भक्कम. वर स्क्रू मी आणलेले होते, साधे लोखंडी. समुद्राकाठी सायकलचे स्पोक दोन वर्षांत गळून पडतात हे पाहत माझा जन्म गेला, तरी ते माझ्या डोक्यात आलं नाही.

आषाढात स्क्रूंची डोकी लाल झाली. श्रावण लागताच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी माटवी मांगरात टांगली, वाळूने भरलेल्या पिशव्या नारळांच्या हिशेबाने बांधल्या आणि म्हटलं, आठ दिवस राहू दे. चौथ्या दिवशी सकाळी भांडी घासताना धप्प आवाज आला. जाऊन बघते तर एक कोपरा सुटून सगळी वाळू जमिनीवर. स्क्रूच्या डोक्याखाली लाकूड आतून उभं चिरलं होतं आणि चिरेत गंज भरला होता.

मी त्या वाळूत बसून राहिले. खाली चौरंग असता, त्यावर मूर्ती असती तर? आपण उगाच मिजास केली, पाईपचीच बरी होती, असंही वाटलं. नवरा म्हणाला, कुणाला सांगायची गरज नाही, बाजारातून आणू. त्याने असं म्हटलं नसतं तर कदाचित मी आणलीही असती.

संध्याकाळी सुतारकाकांकडे गेले. त्यांनी गंजलेला स्क्रू बोटांत फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाईनू, दर्याच्या वाऱ्यात लोखांड टिकता काय? बांबूचे खुंटे मारा."

दुसऱ्या दिवसापासून ते मांगरात खुर्ची टाकून बसले. बांबूच्या खुंट्या तासून चुलीवर आठवडाभर सुकवायच्या, भोक खुंटीपेक्षा केसभर लहान पाडायचं, खुंटी कोरडी असतानाच ठोकायची. मग पावसाळी हवा लागली की ती आत फुगते आणि सांधा आणखी आवळते. ज्या दमट हवेने माझे स्क्रू खाल्ले, तीच हवा खुंटीला घट्ट करते! हे ऐकून मला एवढा आनंद झाला की मी त्यांना तिथल्या तिथे दुसरा चहा पाजला. केसभर लहान भोक सरळ पाडायचं काम माझ्या बारा व्होल्टचं. काका डोळे मिटून त्याचा आवाज ऐकायचे.

"ह्या बरा. ह्या लाकडाक इचारून आत जाता."

चिरलेल्या पट्ट्या बदलल्या, चोवीस खुंट्या मारल्या, पुन्हा वाळू बांधली. आठ दिवस झाले, दहा झाले. सांधा करकरलासुद्धा नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी भावोजी आले. माटवी घरात कड्यांना टांगून तयार होती. त्यांनी मान वर करून चारही कोपरे बघितले.

"रे, स्क्रू खंय गेले?"

"दादा, माका कित्या इचारतंस?" नवरा म्हणाला. "तिका इचार." आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने एवढं मोठं धाडस प्रथमच केलं.

भावोजी पुन्हा माटवीकडेच बघू लागले. मग मीच सगळं सांगितलं. कोपरा पडला, वाळू सांडली, लाकूड चिरलं, स्क्रू मी आणले ते चुकले. कुणाच्या ड्रिलने चिरलं ते मी बोलले नाही, पण ते समजायला फार हुशारी लागत नव्हती. शेवटी म्हटलं, "भावोजी, मधल्या पट्ट्यो दोनव हातांनी धरा आनि पाय उचला."

भावोजींचं वजन नव्वदच्या आत नसावं. जाऊबाई नको नको म्हणाल्या. त्यांनी पट्ट्या धरल्या, गुडघे दुमडले आणि माणूस अधांतरी झाला. छताच्या कड्या कुरकुरल्या, माझी माटवी नाही. पाय टेकायला हरकत नव्हती तरी ते लोंबतच राहिले, आणि लोंबता लोंबता जवळून एकेक खुंटी बघत राहिले. मी मनात खुंट्या मोजत होते. चोवीसच्या चोवीस जागच्या जागी होत्या.

ते उतरले, तळहात धोतराला पुसले. टाळे आत आणले गेले, सुंभ आला, नारळांची रास लागली. पहिला नारळ घरातला थोरला पुरुष बांधतो, आधी सासरे आणि त्यांच्यानंतर भावोजी. त्यांनी शेंडीवाला मोठा नारळ उचलला, स्टुलाकडे गेले. ते माझं तिसरं स्टूल होतं. तिथे थांबले आणि मागे वळले. नवरा त्यांच्या अगदी शेजारी उभा होता, पण ते त्याच्याशी बोलले नाहीत.

"घे गो," ते मला म्हणाले. "पयलो तू बांध."