शेजाऱ्यानं नेलेलं छप्पर

नळदुर्गला हायवेच्या कडेला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. आमच्याकडून समुद्र लई लांब. पण माझी खाला, म्हणजे आईची बहीण, कोकणातल्या एका बंदराच्या गावी दिलेली, त्यामुळं लहानपणीच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी तिथंच काढल्या. पोहायला तिथंच शिकलो. पुढं धंदा जमल्यावर तिच्या घरावर निळे पत्रे मीच टाकून दिले.

वादळ झालं तेव्हा खाला फोनवर म्हणाली, "सगळं ठीक हाय." पुढं पाऊस लागला तरी तेच म्हणत राहिली. पण तिचा खोकला काही थांबेना. मला शंका आली, मी हत्यारं घेऊन निघालो.

गाव ओळखू येईना. सुपारीच्या बागांच्या जागी नुसते बुंधे. बंदरावर माणसं फाटकी जाळी सांधत बसली होती. खालाच्या घरावर छप्परच नव्हतं. स्लॅबच्या स्वयंपाकघरात खाट टाकून ती राहत होती. आणि माझे निळे पत्रे शेजाऱ्याच्या खोल्यांवर होते, पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या.

"वादळात त्याची बायकापोरं ह्याच स्वयंपाकघरात बसली होती," खाला म्हणाली. "सकाळी पत्रे मागितले तर म्हणला, वाऱ्यानं ज्याच्या वाडीत टाकले त्याचे. जाऊ दे बेटा, शेजार हाय."

माझं डोकं फिरलं. खालाच्या अंगणात त्याच शेजाऱ्याची होडी आडवी पडली होती, लाटेनं आत फेकलेली. मासेमारी सुरू व्हायला आली होती. मी बाजारातून जाड साखळी आणली, गावातल्या वेल्डरचं मशीन मागून घेतलं आणि होडी फाटकाच्या लोखंडी खांबाला जखडून साखळी जोडून टाकली.

सकाळी तो होडी ओढायला माणसं घेऊन आला. "ही काय चेष्टा आहे?"

"चेष्टा न्हाय. लाटेनं ज्याच्या अंगणात टाकली, त्याची."

त्यानं आरडाओरडा केला, गावातली वडीलधारी माणसं बोलावली. त्यांनी आधी खालाच्या उघड्या भिंतींकडं पाहिलं, मग त्याच्या निळ्या छपराकडं. आणि आपापल्या घरी निघून गेली.

मासेमारीच्या पहिल्या दिवशी बाकीच्या होड्या समुद्रात गेल्या. तो धक्क्यावर बघत उभा राहिला. मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसून चहा प्यालो. संध्याकाळी तो फाटकाशी आला. "पत्रे घेऊन जा."

"मी न्हाय नेणार. तुम्हीच काढायचे, तुम्हीच आणायचे."

एकेक पत्रा डोक्यावर घेऊन तो सगळ्या आळीदेखत आला. मी हात लावला नाही. छप्पर चढलं, तरी साखळी तशीच ठेवली.

"आता तोड," खाला म्हणाली. "पोरांचं पोट हाय त्याच्या होडीवर."

"पावसाची झड तुमच्या खाटेवर येत होती, तवा तुमचा खोकला त्याला ऐकू आला न्हाय?"

जेवायच्या वेळी तिनं माझं ताट वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी साखळी तोडली ती तिच्यासाठी. त्याची कीव मला आली नव्हती.

निघताना तिनं भाकरी आणि तळलेले बांगडे बांधून दिले. एसटीनं गाव सोडलं न सोडलं तोच मी पुडकं उघडलं. इतकी भूक मला कित्येक दिवसांत लागली नव्हती.