एक्केचाळिसाव्या मिनिटाचा श्वास

शुक्रवारी दुपारी दीड वाजता नोएडाहून रुचि मॅडमचा फोन आला. मी जेवायला बसलो होतो.

"वानखेडे जी, फोर्टी-वन मिनट पर आपने क्या लिखा है?"

मी फाइल न उघडताच सांगितलं. "फोन पर मुकुंद की साँस."

"आपको किसने बताया कि मुकुंद है?"

"किसी ने नहीं, मैडम. सुनाई दे रहा है."

मग त्या म्हणाल्या, "दो बजे क्लायंट कॉल पर आएँगे. आप खाना खा लीजिए."

मी ताट झाकून ठेवलं आणि लॅपटॉप उघडला.

माझं काम आधी सांगतो. जबलपुरात एका सरकारी ऑफिसात मी बावीस वर्षं हिंदी स्टेनो होतो. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून घरी बसून नोएडाच्या एका कंपनीसाठी कॅप्शन लिहितो. रुचि मॅडम तिथे माझं काम बघतात. कॅप्शन म्हणजे नुसता संवाद नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पडद्यावर ऐकू येणारं सगळं लिहायचं असतं. दार वाजलं तर दार वाजलं, कुकरची शिट्टी झाली तर तीसुद्धा. असे आवाज चौकोनी कंसात लिहितात, त्याला लेबल म्हणतात. एका वेळी दोन ओळी, एका ओळीत जास्तीत जास्त बेचाळीस अक्षरं. वाचायला वेळ मिळावा म्हणून सेकंदाला किती अक्षरं चालतील याचंही माप ठरलेलं आहे.

एक नियम मात्र मापाचा नाही. बोलणारा पडद्यावर दिसत नसेल आणि गोष्टीत त्याची ओळख अजून उघड झाली नसेल, तर लेबलमध्ये त्याचं नाव लिहायचं नाही. ऐकणाऱ्याला जेवढं कळतं तेवढंच वाचणाऱ्याला कळावं. कमी नाही आणि जास्तही नाही. हा नियम मी चार नव्या लोकांना शिकवला आहे.

आणि तोच मी मोडला होता.

ती एक हिंदी डिटेक्टिव्ह मालिका. करारात कलम आहे म्हणून नाव लिहीत नाही, पात्राचं नावही बदललं आहे. इन्स्पेक्टर मुकुंद हा तिचा नायक. दुसऱ्या सीझनच्या शेवटी तो धरणाच्या पाण्यात पडला. प्रेत सापडलं नाही. प्रेत सापडलं नाही म्हणजे माणूस परत येणार, असा प्रेक्षकांचा हिशेब असतो. दीड वर्ष लोक वाट बघत होते. त्याच्या नावाने ग्रुप निघाले. धरणाच्या सीनमधला पाण्याचा वेग मोजून तो कुठे बाहेर पडला असेल याचे नकाशे काढणारेही होते.

तिसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात, एक्केचाळिसाव्या मिनिटाला, मुकुंदच्या हाताखालच्या तरुण महिला सब-इन्स्पेक्टरच्या घरी फोन वाजतो. ती "हॅलो" म्हणते. पलीकडून कोणी बोलत नाही. फक्त श्वास ऐकू येतो. दोन सेकंद आणि अकरा फ्रेम. फ्रेम म्हणजे एक चित्र, सेकंदात अशी पंचवीस असतात. मग फोन कट.

स्क्रिप्टमध्ये तिथे लिहिलं होतं, "अनजान कॉलर." मी ते वाचलं होतं. तरी हेडफोन लावून तो श्वास चौदा वेळा ऐकला. श्वास आत घेताना अगदी बारीक शिट्टी वाजत होती. पहिल्या सीझनमध्ये मुकुंदचं नाक फुटलं होतं, तेव्हापासून त्याच्या श्वासात ती शिट्टी आहे. ही गोष्ट मला सुनंदाने दाखवली होती.

सुनंदा माझी बायको. पहिला सीझन तिने स्वतःच्या कानांनी ऐकला. "अहो, याचं नाक वाजून राहिलं, ऐका," असं ती म्हणाली होती, आणि मला तीनदा मागे न्यावं लागलं होतं तेव्हा कुठे ऐकू आलं. तिचे कान माझ्यापेक्षा पुष्कळ चांगले होते. त्यानंतरच्या वर्षी तिला ताप आला. एकवीस दिवसांचा. त्यात कान गेले. मशीन लावलं तर आवाज येतो, शब्द येत नाहीत. माझे ओठ ती वाचते, बाकीच्यांचे निम्मे समजतात.

तिने मला एकदा सांगितलं होतं की ओळखीचे आवाज तिला आठवतात. माझा, तिच्या आईचा, मुलाचा. पण नंतर भेटलेल्या माणसांना आवाजच नाही. सुनेला नाही, नातीला नाही. मुकुंद हा तिने ऐकलेला शेवटचा नवा आवाज. दुसरा सीझन ती माझ्या कॅप्शनवर बघत होती, पण म्हणायची, "याचं वाचताना मला ऐकू येते."

हे सगळं डोक्यात ठेवून मी चौदाव्यांदा तो श्वास ऐकला आणि नाव लिहिलं. तपासणाऱ्यानेही फाइल पुढे सोडली. पण लिहिलं मी होतं.

दोन वाजायला दहा मिनिटं होती. मी फोनवर बघितलं. भाग बारा वाजता आला होता. एकाने कॅप्शनचा फोटो टाकला होता आणि तोपर्यंत तो सगळीकडे पोचला होता. "मुकुंद ज़िंदा है." "हेडफोन लगाकर सुनो, सीटी बज रही है." कोणी लिहिलं होतं, "ऑफ़िस के बाथरूम में रोकर आया हूँ." कोणी लिहिलं होतं, "जिन्हें सुनाई नहीं देता, उन्होंने सबसे पहले सुना."

सुनंदाचा एक ग्रुप आहे. जबलपुरातले ऐकू न येणारे किंवा कमी ऐकू येणारे नऊ जण. नवा भाग आला की सदर बाजारातल्या एका कॉफीच्या दुकानात जमतात आणि एका टॅबवर बघतात. त्या दुपारी ती तिथेच होती. तिने व्हिडिओ पाठवला होता. नऊ माणसं दोन्ही हात वर करून पंजे हलवत होती. टाळ्यांची त्यांची ती पद्धत आहे. व्हिडिओत आवाज फक्त मागच्या पंख्याचा आणि कपबशांचा. सोनकर भैया, जे फॅक्टरीत लोखंड ठोकणाऱ्या हॅमरच्या मशीनजवळ काम करून कान घालवून बसले, ते डोळे पुसत होते. सुनंदा कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. खाली तिने लिहिलं होतं, "तुम्ही ऐकलं नं? मला माहीत होतं."

दोन वाजता क्लायंटचे साहेब कॉलवर आले, रुचि मॅडम आधीच होत्या. एडिटिंग, आवाज, कॅप्शन, सगळं त्यांच्या हाताखाली.

"सीधा पूछता हूँ. आपको स्क्रिप्ट का आगे का हिस्सा किसने दिया?"

"किसी ने नहीं, सर. मुझे सिर्फ़ पहला एपिसोड मिला है. मेल देख लीजिए."

"तो मुकुंद कहाँ से आया?"

मी शिट्टीचं सांगितलं. पहिल्या सीझनच्या चौथ्या भागातली वेळ सांगितली, दुसऱ्या सीझनमधल्या तीन वेळा सांगितल्या. ते माझ्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं. साहेबांनी कोणाला तरी मेसेज केला. पाच-सात मिनिटांनी उत्तर आलं. मग ते हसले. ते हसणं चांगलं नव्हतं.

"साउंड वाले कह रहे हैं कि उन्हें एक साँस चाहिए थी. पुराने सीज़न के स्टॉक में पड़ी थी, वही लगा दी. फोन का फ़िल्टर डालकर."

स्टॉक म्हणजे आधी रेकॉर्ड करून ठेवलेले आवाजांचे तुकडे. कुत्रा भुंकला, पाऊस पडला, कोणी श्वास घेतला. लागेल तिथे लावतात.

"मतलब साँस उसी की है?" मी विचारलं.

"साँस उसी की है. कॉलर वो नहीं है. कॉलर कोई और है. मुकुंद वापस नहीं आ रहा, वानखेडे जी. एक्टर ने शो छोड़ दिया है. ये बात इस कॉल के बाहर नहीं जाएगी. घर में भी नहीं."

"जी," मी म्हणालो.

बोलून गेलो आणि मग मला कळलं की मी कशाला हो म्हटलं.

साहेबांना चुटकीसरशी दुरुस्ती हवी होती. "बस 'साँस' लिख दीजिए. ख़त्म."

इथे मी अडलो. चूक माझी होती, आवाज चढवायचा मला हक्क नव्हता. पण नियम दोन्ही बाजूंनी असतो. "सर, सीटी ऑडियो में है. जिसके कान हैं उसे सुनाई देगी. फिर जिसके नहीं हैं उसको काहे नहीं मिलेगी?"

"सीटी लिखेंगे तो फिर वही तमाशा होगा."

"तो ऑडियो से हटा दीजिए. मैं भी हटा दूँगा."

सगळे आवाज एकत्र बसवून झालेलं मिक्सिंग पुन्हा उघडायचं म्हणजे आठवडा. ते होणार नव्हतं. रुचि मॅडम मध्ये पडल्या. "सर, रूल तो यही है. इक्वल इन्फ़र्मेशन." साहेब म्हणाले, "लिखिए जो लिखना है, नाम मत लिखिए."

मी लिहिलं, [फोन पर साँस, बीच में हल्की सीटी]. चार वाजून पाच मिनिटांनी फाइल गेली. पाच वाजता बदल दिसू लागला.

चाहत्यांनी त्याचा अर्थ वेगळाच लावला. नाव काढलं म्हणजे काहीतरी लपवत आहेत. लपवत आहेत म्हणजे तो नक्की जिवंत आहे. दुपारी ज्यांना शंका होती त्यांचीही संध्याकाळी खात्री पटली. माझ्या दुरुस्तीने चूक आणखी पक्की केली.

सुनंदा सहा वाजता घरी आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "बदललं तुम्ही."

"हो."

"काहून? कोणी रागावलं का?"

"नियम आहे. नाव लिहायचं नसते."

"ते ठीक आहे. पण तो आहे नं? आम्हा नऊ जणांत पैज लागली. सोनकर भैया म्हणते तिसऱ्या भागात येईल, मी म्हणते शेवटच्या."

मी पाण्याचा ग्लास घ्यायला वळलो आणि तसाच पाठमोरा राहिलो. ओठ वाचणाऱ्या माणसाशी खोटं बोलायचं नसेल आणि खरंही सांगता येत नसेल, तर पाठ करण्यावाचून दुसरा उपाय नाही. इतक्या वर्षांत मी तिला पाठ करून कधी उत्तर दिलं नव्हतं. घरात तो आमचा ठराव होता, तिच्याकडे बघितल्याशिवाय बोलायचं नाही.

"बरं, करार असेल," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. पुन्हा कधी विचारलं नाही. पण दर शुक्रवारी ती सदरला थोडी लवकर जायला लागली आणि ठेवणीतल्या साड्या नेसायला लागली.

सीझन सहा भागांचा होता. पाच शुक्रवार मी ते बघितलं. पुढच्या भागांची कॅप्शन माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिली होती, म्हणून मलाही तिच्याइतकंच कळत होतं, एक गोष्ट सोडून. शेवटच्या भागात फोन करणारा निघाला धरणाचा जुना चौकीदार. मुकुंदचं प्रेत त्यानेच काढलं होतं आणि नदीकाठी अग्नी दिला होता. त्या दिवशी सदरहून व्हिडिओ आला नाही.

सुनंदा घरी आली ती सरळ माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

"म्हणून त्या दिवशी पाठ केली होती?"

"हो."

सीझन संपला होता, म्हणजे ती गोष्ट घरात लपवायची मुदतही संपली होती. मी तिच्याकडे बघत, सावकाश, सगळं सांगितलं. स्टॉक म्हणजे काय, फिल्टर म्हणजे काय. शेवटी सांगितलं, "श्वास त्याचाच होता. पहिल्या सीझनमधला. तू ऐकला होतास तोच."

"तोच?"

"तोच. चौथ्या भागातला."

तिने मला तो तुकडा लावायला सांगितलं. मी मोठा स्पीकर जोडला, आवाज पूर्ण केला. तिने स्पीकरच्या जाळीवर हात ठेवला. ढोल किंवा गाडीचा आवाज असला तर तिला हाताला लागतो. मी सहा वेळा लावला.

"काही लागत नाही," ती म्हणाली. "किती आहे?"

"दोन सेकंद अकरा फ्रेम."

"आणखी एकदा लावा."

कंपनीने माझ्या नावावर एक मोठी चूक नोंदवली आणि दोन महिने मला फक्त स्वयंपाकाचे कार्यक्रम दिले. त्यात कोण श्वास घेतो हा प्रश्न येत नाही. नव्या लोकांना शिकवताना आता मी एवढंच सांगतो की लेबल आवाजाचं लिहायचं, माणसाचं नाही. आणि एखादा आवाज चौदा वेळा ऐकावासा वाटला, तर ते लेबल दुसऱ्याला लिहायला द्यायचं.