म्हसोबाच्या डोक्यावरची खूण

जमिनीची उंची मोजायच्या कामात पहिला नियम असा, की सुरुवात अशा जागेवरून करायची जी हलणार नाही. पुलाचा कठडा, शाळेची पायरी, असलं काहीतरी. तिच्यावर रंगाने खूण करायची, तिची उंची वहीत लिहायची आणि सगळं शिवार तिच्यापासून मोजत जायचं. ही खूण चुकली की पुढचं सगळंच चुकतं, आणि इतकं शिस्तीत चुकतं की कुणाला पत्ता लागत नाही. हे मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, आणि मला ते पाठही होतं. पाठ असण्याचा काही उपयोग नसतो, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. मी जळगावजवळच्या असोद्याचा, नोकरी धुळे जिल्ह्यात, जलसंधारणाच्या कामांवर सर्वेअर. शिरपूरला खोली घेतली होती. तिथून सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत जायचं, ओढे बघायचे आणि पाझर तलावासाठी जागा मोजायच्या. पाझर तलाव म्हणजे ओढ्यावर मातीचा भराव घालून पाणी अडवायचं. ते हळूहळू जमिनीत जिरतं आणि खालच्या विहिरींना पाझरतं. पैसा सरकारी अनुदानाचा. पण अनुदानाची एक अट होती: ज्यांची जमीन बुडणार त्या सगळ्यांचं संमतीपत्र हवं. एकाचाही अंगठा कमी पडला की फाईल धुळ्याहून परत.

त्यातल्या एका गावात मला एकच अंगठा मिळत नव्हता. तो अक्काचा.

अक्का म्हणजे ओढ्याकाठच्या वस्तीतली एकटी राहणारी म्हातारी. पाच-सात घरांची वस्ती, त्यात हिचं घर सगळ्यात खाली. शेताचा एक तुकडा तलावात जाणार होता, त्याचं तिला काही नव्हतं. प्रश्न घराचा होता. ते तिने आणि नवऱ्याने स्वतः माती तुडवून बांधलं होतं, आणि नवरा त्याच घरात गेला होता.

मी चुन्याची फक्की टाकून पाणी कुठवर येईल ती रेघ तिला आखून दाखवली. रेघ तिच्या उंबऱ्याच्या जेमतेम वीतभर खालच्या उंचीवरून जात होती. ती रेघेपाशी उभी राहिली, मग उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली, मग पुन्हा रेघेपाशी आली.

"मना उंबराले पानी लागाव नही ना, भाऊ?"

"नाही लागणार, अक्का. माझा शब्द."

सव्वीस वर्षांचं वय. शब्द देताना कुठे काय दुखतं? तिने अंगठा दिला आणि मला भाकर-ठेचा वाढला. माझ्या असोद्याच्या बोलीला ती फार हसायची. तुमच्याकडची माणसं जेवताना पण भांडल्यासारखी बोलतात, असं तिचं म्हणणं. पुढे त्या गावात गेलो की दुपारची भाकर तिच्याकडे, असं ठरूनच गेलं.

आता खुणेचं सांगतो. त्या वस्तीजवळ पूल नव्हता की शाळा नव्हती. होता फक्त ओढ्याच्या काठावरचा म्हसोबा, शेंदूर फासलेला मोठा धोंडा. माझा खलाशी, म्हणजे मोजणीची पट्टी धरून उभा राहणारा माणूस, जरा कचरत होता. मी म्हटलं, अरे, बांधाचे दगड लोक सरकवतात, देवाला कोण हलवतो? नमस्कार केला आणि धोंड्याच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाने फुली मारली. नियमाप्रमाणे दुसरी एक खूण दूर रस्त्याच्या मोरीवर केली. गावकऱ्यांना तोऱ्यात सांगितलंही, की तलाव भरला की तुमच्या म्हसोबाच्या अंगावर हातभर पाणी चढेल.

मंजुरी यायला दोन वर्षं लागली. आली ती जानेवारीच्या शेवटी, आणि मार्चअखेर निधी खर्ची पडला नाही तर परत जाणार होता. ज्यांनी सरकारी कामं केली आहेत त्यांना मार्च म्हणजे काय ते सांगायला नको. साहेब सकाळ-संध्याकाळ विचारायचे, भराव कुठवर आला. ट्रॅक्टर, गाढवं, माणसं, सगळा नुसता फुफाटा. बुडणाऱ्या जागेतली झाडं तोडून झाली होती, काठ खरवडला होता. मला मोजणीच्या वेळचा ओढा ओळखूच येईना.

पण म्हसोबा दिसला. तोच धोंडा, आणि शेंदराखाली माझीच पांढरी फुली. मला कोण आनंद झाला! मोरीवरची दुसरी खूण तपासायला अर्धा तास चालावं लागलं असतं, ऊन मी म्हणत होतं आणि साहेबांची जीप येणार होती. मी म्हसोबावरून उंची घेतली. भरावाची उंची त्यावरून दिली, सांडव्याची त्यावरून दिली. सांडवा म्हणजे तलावातलं जादा पाणी वाहून जायची वाट. तो जेवढा उंच, तेवढं तलावात पाणी चढणार. ठेकेदार कुरकुरला, की माती अंदाजापेक्षा जास्त लागतेय. मी त्याला झापलं. ठेकेदार कुरकुरणारच, त्याचा धर्मच तो.

मार्च संपायच्या आत काम झालं, पूर्णत्वाचा दाखला धुळ्याला गेला, पेढे वाटले.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अक्काने मला मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. पुरणपोळी, आमरस. जेवायच्या आधी ती नैवेद्य घेऊन म्हसोबाकडे निघाली, मी मागोमाग. तिने धोंड्यापुढे नैवेद्य ठेवला. मग द्रोणात थोडं पुरण घेऊन उतारावरून खाली गेली आणि उघड्या मातीत एका जागी तो द्रोण ठेवून तिने हात जोडले.

"तिथे काय आहे, अक्का?"

"देव आठे व्हता. तूच सांगं ना, देववर पानी येई म्हनीसन? मंग बठ्ठा गावनी वर नेया त्याले."

मंजुरी आल्यावर पंधरवडाभर मी धुळ्याला कागदांत अडकलो होतो, तेवढ्यात गावाने देव रीतसर हलवला होता. कौल लावून, वाजतगाजत, खालचे चौथऱ्याचे दगडसुद्धा जसेच्या तसे वर नेऊन. फक्त जुन्या जागेला सणाचा घास द्यायचा, ही तिकडची रीत. ती रीत नसती तर मला कधीच कळलं नसतं.

मी त्या द्रोणापाशी उभा राहिलो आणि वर धोंड्याकडे बघितलं. नुसत्या नजरेने दिसत होतं, दीड हाताचा फरक होता. देव दीड हात वर गेला, म्हणजे सांडवा दीड हात वर गेला, म्हणजे पाणी दीड हात वर येणार. अक्काचा उंबरा वीतभर वर. पुढचं गणित करायला वही लागत नव्हती. मी तिथेच उघड्या मातीत बसलो. अक्काला वाटलं ऊन लागलं. तिने घरी नेऊन मला कैरीचं पन्हं पाजलं. मी ते प्यालो आणि शिरपूरला परत आलो.

दुसऱ्या दिवशी मोरीवरून उंची घेऊन खात्री केली. चूक पक्की होती.

साहेबांना खोलीचं दार लावून सांगितलं. त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "कागदावर आणू नकोस. दाखला गेलाय. आता सांडवा फोडायचा म्हणजे चौकशी, वसुली, तुझी नोकरी आणि माझीही. आणि पाझर तलाव पहिल्या दोन-तीन वर्षांत भरतो कुठे? सगळं पाणी जिरतं." त्यांचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. मला तर ते खरंच हवं होतं, म्हणून मी ते घट्ट धरून ठेवलं.

मग तो पावसाळा. सगळा खानदेश आभाळाकडे डोळे लावून बसलेला, कपाशी माना टाकतेय, असोद्याहून वडिलांचं पत्र की विहिरीने तळ गाठला, केळी जगते की नाही. आणि मी, पाणी अडवायचा पगार घेणारा माणूस, मनातल्या मनात विनवतोय की पडू नको. आपल्या बापाची केळी वाळत असताना मी पाऊस पडू नये म्हणत होतो. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही, आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती. पत्र्यावर काही वाजलं की दचकायचो. ऑफिसात कुणी नुसतं "तलाव" म्हटलं तरी वाटायचं, याला कळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, ते मी तीन महिने भोगलं.

अक्काकडे जाणं मी बंद केलं. गावात कामाला जावं लागायचंच, पण मी वस्ती टाळून वरच्या वाटेने जायचो. एकदा ती बांधावर दिसली. तिने हात केला, मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. डबा मी शिरपूरच्या खाणावळीतून न्यायला लागलो. तो झाडाखाली बसून खायचो, अर्धा तसाच परत यायचा.

पोळ्यानंतर झड लागली. दोन दिवस, दोन रात्री उघडीप नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला तसा मी ओळखीच्याची मोटारसायकल मागून निघालो. वाटेत दोनदा चिखलात पडलो. लोक रस्त्यावर उभे राहून हसत होते, पाणी बघायला निघाले होते. एकाने मला ओळखून ओरडून सांगितलं, "साहेब, तळं भरनं, तळं भरनं!" मला त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

तलाव काठोकाठ होता. सांडव्यावरून पाणी नीट, संथ पडत होतं, जसं माझ्या वहीत लिहिलं होतं तसं. आणि अक्काच्या घराच्या दारात गुडघ्याच्या वर पाणी होतं. खालून भिजलेली भिंत एका कोपऱ्यात फुगली होती.

मी "अक्का, अक्का" करत पाण्यात शिरलो. दार नुसतं लोटलेलं. आत अंधार. पाण्यावर चुलीची राख आणि एक सूप तरंगत होतं. मी हातांनी पाण्याखाली चाचपत होतो. काय शोधतोय हे मला माहीत होतं, आणि ते हाताला लागू नये म्हणून मी रडत होतो. बाज नव्हती. भांडी नव्हती. हे मला फार उशिरा लक्षात आलं, की घरात काहीच नव्हतं.

बाहेर येऊन वर बघितलं. हातभर पाण्यात उभ्या म्हसोबाच्या मागे, उंचावर, कपाशीच्या पळाट्यांच्या कुडाचं आणि जुन्या पत्र्याचं एक खोपट होतं. त्यातून धूर निघत होता.

अक्का चुलीपाशी बसली होती. बाज, भांडी, धान्याची कोठी, दोन शेळ्या, सगळं तिथे. मी दारात उभा राहिलो, कमरेपर्यंत चिखल. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कधी आलीस इथे, अक्का?"

"महिना व्हयना."

"पण तुला कुणी सांगितलं?"

ती भाकर थापत राहिली. "तूच सांगं. दोन वरीस तू मनाघर भाकर खाद. मंग येवाना बंद व्हयना. मी हात कया तरी दखं नही. तवयच समजनं, काहीतरी चुकनं. अंगठा मी तुना शबदवर दिधा व्हता ना? मंग तूच तोंड लपाडस तर मी कसाले थांबू?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. जे सांगायची माझी हिंमत झाली नाही, ते मी तिच्याकडे न जाऊनच सांगून बसलो होतो, आणि म्हणून ती जिवंत होती. यात माझं काहीही कर्तृत्व नाही. त्याच रात्री तिच्या घराची मागची भिंत बसली. झडीत पाणी चढलं तेव्हा ती आत झोपलेली असती तर काय, हा विचार मी अजूनही पुरा करत नाही.

तिने परातीतली भाकर माझ्यापुढे केली. मी ती तशीच हातात धरून बसलो.

"खाय," ती म्हणाली. "आते कागदवर लिख. आठे बाकीना लोकेसना घरं बी सेतस."

बाकीची घरं तिच्या घरापेक्षा फार उंचावर नव्हती. आणखी एक झड लागून सांडव्यावर पाणी चढलं असतं, तर ते त्यांच्याही दारात गेलं असतं. मी ओली वही बाहेर काढली. चौकशी झाली, माझी वेतनवाढ थांबली, साहेबांची बदली झाली, ते पुन्हा माझ्याशी बोलले नाहीत. उन्हाळ्यात सांडवा दीड हात फोडून खाली घेतला. अक्काने घर पुन्हा बांधलं नाही. ती त्या खोपटातच राहिली, म्हसोबाच्या शेजारी.

पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी मी तिच्या चुलीपाशी बसून दोन पानं लिहिली: खूण कुठे होती, कुठे गेली, मी काय तपासलं नाही, आणि कधीपासून मला ठाऊक होतं. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं. तिने पिठाचा हात लुगड्याला पुसला आणि अंगठा पुढे केला.

"दिऊ का?"

"नको अक्का," मी म्हटलं. "याच्यावर माझी एकट्याची सही लागते."