अक्काच्या पायाचं प्लास्टर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, तर माझ्या थोरल्या अक्काचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. ती नववीतच शाळेतून निघाली होती, पण माझी बारावीची जीवशास्त्राची जर्नल तिनंच भरली. बेडकाचं हृदय तिनं काढलं, गुण मला मिळाले. नोकरी लागल्यावर गावानं माझा सत्कार केला, तेव्हा भाषणात मी गहिवरून तिचे आभार मानले. ती त्या वेळी मंडपामागं पुऱ्या तळत होती.

आता मी जळगावला हायस्कुलात विज्ञान शिकवतो. हाडांचा धडा दरवर्षी घेतो. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात अक्काचा फोन आला, "भाऊ, पाय दुखस रे, वरतून, मधोमध," तेव्हा मी फळ्यावर लिहून द्यावं तसं उत्तर दिलं, "कॅल्शियमच्या गोळ्या घे. चप्पल चांगली घे." धुळ्याजवळ तिच्या सासरी नव्या घराचं बांधकाम चाललं होतं आणि मजूर मिळत नाहीत म्हणून ती वाळूच्या पाट्या घेऊन जिना चढत होती. हे मला माहीत होतं. माझ्या गोळ्या खाऊन तिनं आणखी दोन महिने वाळू वाहिली.

राखीला गेलो तर ती भिंत धरून चालत होती. तिला धुळ्यात देवपूरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रेत काही दिसेना. एमआरआयमध्ये मात्र पायाच्या मधल्या हाडात केसाएवढी चीर निघाली.

"हे एका फटक्यात मोडलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "रोजच्या ओझ्यानं हळूहळू तडकलंय. या हाडाला रक्त कमी पोहोचतं, भरायला महिने लागतात. पाय जमिनीला टेकवायचा नाही." त्यांनी गुडघ्यापर्यंतचा पट्ट्यांचा बूट आणि कुबड्या दिल्या.

घरी सासूबाई वाटच पाहत होत्या. "पडनी नही, झडनी नही, मंग हाड कसं मोडनं?" दाजींनी एक्स-रेची फिल्म उन्हात धरली आणि काहीच मोडलेलं नाही असा निकाल दिला. शेजारच्या आबांनी तीच फिल्म उलटी धरून त्याला दुजोरा दिला. मी एमआरआयचा कागद वाचून दाखवला, पण कागद उन्हात धरून काही दिसत नाही, त्यामुळे तो कोणी मनावर घेतला नाही.

राहता राहिला बूट. "चुल्हापान बूट घालीन का कोन्ही?" सासूबाईंनी विचारलं, आणि चुलीपाशी बूट नको यावर सगळ्यांचं एकमत झालं. बूट बाहेर चपलांच्या रांगेत बसला. अक्का अनवाणी पायानं भाकरी करू लागली. बुटाला मात्र पूर्ण विश्रांती मिळाली.

पुढच्या आठवड्यात मी डॉक्टरांकडे पुन्हा गेलो आणि प्लास्टर घाला म्हणालो.

"हाडाला बूट पुरतो," ते म्हणाले.

"हाडाला पुरतो सर. घरच्यांना पुरत नाही."

त्यांनी एमआरआयचा कागद पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, "आणा त्यांना. हाडाचं त्यात काही नुकसान नाही."

पांढरंशुभ्र प्लास्टर घालून अक्का घरी गेली आणि तिचा पाय त्या दिवशी मोडला. येणाऱ्याजाणाऱ्याला सासूबाई अभिमानानं सांगू लागल्या, "पायच मोडी गया तिना." चहा खाटेवर येऊ लागला. पाण्याचा माठ कुठे असतो ते दाजींना कळलं. एकदा अक्का फोनवर कुजबुजली, "भाऊ, आज सात वाजालोंग निजनू मी." सातपर्यंत झोपल्याचं तिला फार अपराधी वाटत होतं.

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं. चीर अर्धीच भरली होती. "आणखी तीन महिने पाय टेकवू नका," डॉक्टरांनी दाजींसमोर बजावलं. "आता हाड आरपार मोडलं तर ऑपरेशन करावं लागेल, आणि नंतरही त्या नीट चालतील याची खात्री मी देणार नाही." दाजींनी मान डोलावली. घरी मात्र बातमी एवढीच पोहोचली की प्लास्टर निघालं. दुसऱ्या दिवशी अक्का वरच्या स्लॅबवर पाणी मारत होती.

फोन केला तर म्हणाली, "बरं शे भाऊ." तिचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि तो सगळं घर ऐकतं. म्हणून मी दाजींशी थोडं बोललो, आणि नंतर आयुष्यात पहिल्यांदा तिला पत्र लिहिलं.

तीर्थरूप अक्कास,

साष्टांग नमस्कार. हे पत्र एकटीनं वाच.

दाजींना मी सांगितलंय की जळगावला हाड भरायचं नवीन मशीन आलंय, तीन महिने रोज अर्धा तास त्यात पाय ठेवावा लागतो. दाजी लगेच हो म्हणाले. मशीन केवढं आहे एवढंच विचारलं. मी म्हणालो, कपाटाएवढं.

असं काही मशीन नाही. आमच्या बाहेरच्या खोलीत एक पलंग आहे, त्यावर तू पडून राहायचं. हिला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, खोटंच बोलायचं होतं तर सहा महिन्यांचं बोलायचं.

उन्हाळ्यात तू पाय दुखतो म्हणालीस तेव्हा दिवसातून किती वेळा जिना चढतेस हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला येऊन दाजींशी बोलावं लागलं असतं. ते मला नको होतं.

रविवारी गाडी घेऊन येतो. पिशवी मी भरीन. कोणी मशीनबद्दल विचारलं तर भाऊला माहीत आहे म्हण. तोवर वर जाऊ नकोस, स्लॅब वाळला तरी वाळू दे.

तुझा भाऊ