रागावलेली प्रार्थना

प्लेगात आधी माझे यजमान गेले, मग आमची एकुलती मुलगी. अंथरुणं जाळून झाली, खोलीला चुना मारून झाला, तरी मला रडू आलं नाही. रविवारी सवयीनं गिरगावातल्या आमच्या चर्चमध्ये जाऊन बसे, पण तोंडातून प्रार्थना निघत नसे.

पाळकसाहेबांच्या म्हाताऱ्या आई माझ्या शेजारी बसत. एकदा मी त्यांना म्हटलं, "आजी, माझा विश्वास गेला वाटतं."

"गेला असता तर इथं आली असतीस का? तू देवावर रागावली आहेस, पोरी. तसं सांग की त्याला."

घरी येऊन मी विचार करत बसले. राग होताच. पाप लागेल या भीतीनं तो मी स्वतःपासूनही लपवला होता. रिकाम्या खोलीत मी मोठ्यानं विचारलं, "प्रभू, का नेलंस त्यांना?"

उत्तर आलं नाही. रडूही आलं नाही. पण कितीतरी महिन्यांनी मी देवाशी बोलले होते.

मग रोज तेच विचारू लागले. पावसाळा सरत आला तेव्हा एके दुपारी विचारता विचारता मी खूप रडले. संध्याकाळी चूल पेटवून भात केला. त्या दिवशी मला भाताची चव कळली.