दोन राज्यं, एक गल्ली

ट्रंक उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि मला वडिलांची काळी शेरवानी दिसते. आम्ही बिदरकडचे. निजामाचं राज्य भारतात आलं तेव्हा वडिलांनी गल्लीत साखर वाटली होती. पण पुढची आठ वर्षं हैदराबाद राज्य म्हणून जे उरलं, त्याच्या कचेरीत ते रोज गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या शेरवानीतच जात. मग तेही राज्य मोडलं, आमचा जिल्हा म्हैसूरला जोडला आणि वडिलांची बदली बंगळूरला झाली. यशवंतपूरच्या भाड्याच्या खोलीतून पहिल्या दिवशी ते तसेच निघाले. संध्याकाळी आले ते शेरवानी हातावर टाकून. “इथं असला कोट लग्नातले बँडवालेच घालतात म्हणं,” एवढंच आईला बोलले आणि त्यांनी ती ट्रंकेत ठेवून दिली. आमचे घरमालक पिढ्यानपिढ्या इथलेच मराठी, म्हैसूरच्या महाराजांच्या पदरी नोकरी केलेले. पातळ भिंतीपलीकडून त्यांनी ऐकलं असावं. दुसऱ्या सकाळी ते जरीची दरबारी पगडी घालून आमच्या दारात उभे. “अण्णा, शेरवानी घाला. मीपण येतो स्वल्प, बसच्या थांब्यापर्यंत.” वडील म्हणाले, “अहो, लोक हसतील.” “सरी, बरं तर, मग दोघांना हसू देत.” पोरं मागे लागली, पण दोघंही ताठ मानेनं चालत गेले. मी दारातून बघत होते. आज नकाशावर ना ते हैदराबाद आहे, ना ते म्हैसूर. पण ती दोन्ही राज्यं एकदा आमच्या गल्लीतून गप्पा मारत गेलेली मी पाहिली आहेत.