चूल एकच आहे का?

सार्वजनिक आरोग्य या विषयात मी ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षण घेते आहे हे कळल्यावर आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, मोबाइलवरची डिग्री? म्हणजे रिचार्ज संपला की डिग्रीही संपणार का?" सगळे हसले. मीही हसले, कारण त्यांच्या हाताखाली मला अजून बरीच वर्षं काढायची होती. पण मनात म्हटलं, हसा. राजापूर तालुक्यातल्या आतल्या गावांत नर्स म्हणून मी लसी टोचल्या, बाळंतपणं केली आणि ढिगाने पत्रकं भरली. ती पत्रकं वर गेल्यावर त्यांचं काय होतं, हे मला एकदा शिकायचंच होतं.

विद्यापीठ परदेशातलं, विद्यार्थी मात्र आमच्यासारख्या देशांतले. वर्ग आमच्या दुपारी दीडला भरायचा. केंद्रात नेटवर्क धड यायचं ते एकाच जागी, लशींच्या फ्रिजच्या खोलीत, खिडकीपाशी. तिथे रिकाम्या खोक्यावर बसून, मांडीवर डबा घेऊन मी साथींचं गणित शिकले. लाइट गेली की स्कूटर काढायची आणि गावामागच्या सड्यावर जायचं. त्या उघड्या कातळावर रेंज भरपूर, सावली नावाला नाही. डोक्यावर ओढणी घेऊन मी तिथे दोन परीक्षा दिल्या आणि दोन्ही पास झाले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ऑनलाइन म्हणजे नुसती कॉपी, असं तोंडावर सांगणारे अजून भेटतात.

शेवटच्या वर्षी प्रबंध होता. रक्तदाबाच्या गोळ्या म्हातारी माणसं मध्येच का सोडतात, हा विषय मी घेतला. विद्यापीठाने तयार प्रश्नावली पाठवली, तिचं मराठी मी केलं. पहिलाच प्रश्न, घरात माणसं किती? पुस्तकात कुटुंबाची व्याख्या अशी की, एका स्वयंपाकघरात शिजलेलं जी माणसं जेवतात ते एक कुटुंब. म्हटलं, पुस्तकी भाषा हवी कशाला? मी लिहिलं, "तुमची चूल एकच आहे का? त्या चुलीत किती जण?" स्वतःवर खूष झाले. याहून चांगलं भाषांतर कोण करणार होतं!

वाडीवाडीतून फिरून मी उत्तरं गोळा केली. कुठे सात माणसं, कुठे नऊ, एका घरात तर चौदा. पुढचा प्रश्न होता, गोळ्या का सोडल्या? त्याचं उत्तर घरोघरी एकच, आणून द्यायला कुणी नाही. ही दोन उत्तरं एकमेकांशेजारी लिहिताना मला काहीही खटकलं नाही. ते खटकलं माझ्या मार्गदर्शक मॅडमना, तिकडे सातासमुद्रापलीकडे. स्क्रीनवर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, की घरात नऊ माणसं आहेत आणि गोळी आणायला कुणी नाही, हे दोन्ही खरं असू शकत नाही. लोक खोटं सांगतात, किंवा विचारणाऱ्याने चूक केली आहे. ही घरं काढून टाका. उरलेल्या घरांवर प्रबंध सहज पास होईल.

मला राग आला. माझी माणसं खोटं बोलत नाहीत, एवढं मी त्यांना सांगितलं. पण राग म्हणजे पुरावा नव्हे, हेही त्याच अभ्यासक्रमात शिकले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी नऊ माणसांच्या एका घरी परत गेले.

पडवीत एक आजी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. आतल्या दोन खोल्यांना कुलपं. मी विचारलं, "आजी, ती नऊ माणसं कुठे आहेत?"

"खंय म्हंजे? म्हंबयला." त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं, "दोन पोरगे, दोन सुना, चार नातवंडा आनि मी. गनपतीला सगली येतात. शेजाऱ्यांची चूल मोडली, आमची नाय मोडली. आमची येकच हाय." सांगताना त्यांची मान ताठ होती.

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडे चूल एकच आहे का, असं विचारणं म्हणजे भावाभावांत फूट पडली का, असं विचारणं. मी याच जिल्ह्यातल्या खेडची मुलगी. माझ्या काकांनी चूल वेगळी केली तेव्हा आई कितीतरी वर्षं ते शब्द मोठ्याने उच्चारत नव्हती. परदेशातल्या मॅडमना हे कळलं नाही तर त्यांना माफ आहे. मला कळायला हवं होतं.

पुढे जे कळलं त्याने तर मानच खाली गेली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना गोळ्या घरपोच द्यायच्या, अशी आमच्या केंद्राची यादी होती. आजींचं नाव त्यात नव्हतं, कारण केंद्राच्या नोंदवहीतही त्यांच्या घरात नऊ माणसं होती. अक्षर माझंच. गुडघ्यांमुळे त्यांना घाटीची उभी पायवाट उतरून केंद्रात येता येत नव्हतं आणि दोन महिने त्यांच्या पोटात गोळी गेली नव्हती. मी रक्तदाब बघितला. यंत्र बिघडलं असावं म्हणून पुन्हा बघितला. यंत्र ठीक होतं. तेवढ्यापुरत्या त्यांच्या गोळ्या माझ्या पिशवीतून सुरू केल्या.

मी प्रश्न बदलला. "आजी, आज दुपारी या घरात ताटं किती वाढली?"

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाल्या, "येक. पन ता लिवू नको, बाय."

"का?"

"कागदावर येक लिवलंस तर पोरांनी मला टाकलानी, आसा दिसंल. तसा नाय हाय. पोरगे चांगले हायत माजे."

मला रडू आलं आणि त्याचाच आणखी राग आला. मुलं चांगली होती, महिन्याच्या महिन्याला फोन करत होती, हे सगळं खरं. आणि ताट एकच, हेही खरं. म्हटलं, "आजी, मी दोन्ही लिहिते. चूल नऊ जणांची, ताट एक. चालेल?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मंग वर चूल लिव. ताट खाली."

मग मी सगळी घरं पुन्हा फिरले. बऱ्याच घरांत ताटं एक नाहीतर दोन निघाली. मॅडमना लिहिलं की एकही घर गाळणार नाही, उलट दोन्ही आकडे देणार आणि चूल या शब्दावर एक प्रकरण लिहिणार. त्यांचं उत्तर आलं की परीक्षक हे मान्य करतील असं वाटत नाही, आणि प्रबंध नापास झाला तर पदवी मिळणार नाही. भीती वाटली, का वाटणार नाही? इतक्या वर्षांच्या दुपारी मी त्या खोक्यावर बसून घालवल्या होत्या. केंद्रात काय हशा पिकेल हेही डोळ्यांसमोर होतं. पण घरं गाळून पास व्हायचं म्हणजे आजींना दुसऱ्यांदा पुसायचं, आणि तेही आता कळूनसवरून. तसाच पाठवला प्रबंध.

तोंडी परीक्षा त्याच फ्रिजच्या खोलीतून दिली. तीन परीक्षक होते. त्यांतल्या एकाने आजींच्या घराचाच आकडा धरला. "या घरात नक्की किती माणसं आहेत? एक संख्या सांगा. तक्त्यात रकाना एकच आहे."

"मग तक्ता चुकला आहे," मी म्हटलं. माझं इंग्रजी अडखळतं, पण हे वाक्य अडखळलं नाही. "मला दोन रकाने लागतील."

पास झाले. गुण जेमतेम. शेरा असा की, काम प्रामाणिक आहे, पण मुद्दा स्थानिक आहे. असू दे की. आजींचा रक्तदाबही स्थानिकच होता.

त्याच आठवड्यात मी केंद्राच्या नोंदवहीत पट्टी धरून उभी रेघ मारली आणि दुसरा रकाना केला. डोक्यावर लिहिलं, ताटं. त्याप्रमाणे घरपोच गोळ्यांची नवी यादी करून डॉक्टरांपुढे सहीला ठेवली. त्यांनी यादी वाचली, नोंदवही उघडली, रेघेवर बोट ठेवलं.

"सिस्टर, नियमात असा रकाना नाही."

"नियमात नाही, सर. पण गावात आजी आहेत. गोळ्या सोमवारी जातील."

सहीला त्यांनी शुक्रवार लावला. गोळ्या त्याआधी, सोमवारीच गेल्या, मी स्वतः घेऊन गेले.